बूट किती कडक हवा?

आज मिरजेत बसून मी बर्फावरच्या बुटांविषयी बोलणार आहे. हसू नका. आपल्यापैकी अनेकींची मुलं-नातवंडं परदेशात आहेत, आणि इकडची मुलंही गुलमर्गला, औलीला स्कीइंग शिकायला जातात.

माझी लेक कॅनडात, कॅलगरीला असते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. १९८८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जिथे स्कीच्या उड्यांच्या स्पर्धा झाल्या, त्याच टेकडीवर माझी चौदा वर्षांची नात जाते. तिथे बर्फाचे उंचवटे आणि लोखंडी कठडे केलेले असतात. उंचवट्यावरून उडी मारायची, कठड्यावरून घसरत जायचं. त्याला टेरेन पार्क म्हणतात.

एका संध्याकाळी तिची नडगी बघितली, तर काळीनिळी. "आजी, आईला सांगू नकोस. ती पार्क बंद करेल," म्हणाली. बूट मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचे होते. ती शर्यतीत उतरणारी, अंगानं भक्कम. तिला ते बरोबर होते. आमच्या किडकिडीत पोरीचा घोटा त्यात वाकतच नव्हता. उडीवरून खाली आली की सगळा दणका नडगीवर आणि गुडघ्यावर.

मी लेकीला सांगितलं. पार्क बंद झाला नाही, बूट बदलले.

दुकानात मी म्हटलं, "सगळ्यात मऊ द्या." तिथल्या बाईंनी समजावलं, तेही चूक. फार मऊ बूट घोट्याला आधार देत नाही, स्की ताब्यात राहत नाही, तोल मागे गेला तर सावरता येत नाही. पार्कसाठी बूट शर्यतीच्या बुटापेक्षा मऊ हवा, पण लेचापेचा नको.

बुटाला ६०, ८०, १०० असा फ्लेक्सचा आकडा असतो. आकडा मोठा, तितका बूट कडक. पण सगळ्या कंपन्यांचं माप एक नाही. एकीचा ८० दुसरीच्या ९० सारखा लागू शकतो. म्हणून आकडा वाचून थांबू नका. वजन, उंची आणि सराव सांगा, आणि बूट घालून बघा.

कसं बघायचं? एकच पातळ मोजा घालायचा. बकलं लावून उभं राहायचं आणि गुडघा पुढे दाबायचा. बूट हळूहळू वाकला पाहिजे, टाच उचलता कामा नये. अजिबात वाकला नाही तर कडक. एकदम कोसळला तर मऊ. दुकानाच्या उबेत प्लॅस्टिक नरम असतं, थंडीत तोच बूट आणखी कडक होतो, हेही लक्षात ठेवायचं. आणि वाढत्या वयाची मुलगी म्हणून दोन मापं मोठा घेऊ नका. आत पाय हलला की नडगी आपटतेच.

आपली नवी कोल्हापुरी चप्पल चावते. तेल लावून, चार दिवस वापरून ती पायाला बसते, कारण ते कातडं आहे. या बुटाचं आतलं अस्तर थोडं दबतं, पण बाहेरचं प्लॅस्टिक तसं सैलावत नाही. "घालून घालून होईल ठीक," असं म्हणून मुलीला पाठवू नका.

आणि एक. दुखतंय म्हटलं की खेळ बंद, असं घरात असेल, तर पोरी दुखणं लपवतात. मग ती स्की असो, कबड्डी असो की खो-खो. आधी बूट बघा, पाय बघा. खेळ थांबवायचा का, ते नंतर ठरवा.