इंजिन बदलण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय काय, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी "मोटारीचे इंजिन" म्हणून सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि वहीत लिहून घेतले. आपल्या मंडळात आजवर लोणची-पापडांपासून बालसंगोपनापर्यंत पुष्कळ विषय झाले. मग हा का नको? आपल्यापैकी कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. भाजीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेणाऱ्या आपण, गॅरेजात मात्र मिस्त्री म्हणेल त्या आकड्याला मान डोलावून येतो. कारण गाडीच्या झाकणाखाली काय चालते ते आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

खरे म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता, त्याने तयार केलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या लांब पिनेने मोकळी केली आणि ठिणगीच्या तारेवरचे आवरण गेले तेथे मोज्याचा पट्टा गुंडाळला, अशी हकीकत सांगतात. इंधन आणि ठिणगी! सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी गाडी अडखळू लागली म्हणजे पहिल्यांदा पाहावयाचे ते हेच.

आता इंजिन कसे चालते ते थोडक्यात. पेट्रोलच्या गाडीत दोन, तीन किंवा चार नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येकात एक दट्ट्या खाली-वर होतो. हवा आणि पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे, ठिणगी टाकून पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे, अशी ही चार कामे पाळीपाळीने चालतात. आपल्या आज्या एका उखळाशी तिघी उभ्या राहून कांडत असत ते काही जणींनी पाहिले असेल. एकीचे मुसळ वर, दुसरीचे खाली, असा तो ताल असे. त्यातली एक जरी चुकली तरी सगळे कांडण बिघडे. इंजिनाचेही तसेच. एका सिलिंडरने आपली पाळी चुकवली की गाडी थरथरते, दम खाते, चढावर मागे ओढल्यासारखी होते. आपले मिस्त्री यालाच "गाडी मिसिंग करते" असे म्हणतात.

पाळी चुकण्याची कारणे मुळात तीनच. ठिणगी पडली नाही, पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडले, किंवा दाब राहिला नाही. यांतले पहिले दोन आजार बहुधा बाहेरचे असतात आणि स्वस्तात बरे होतात. तिसरा मात्र इंजिनाच्या पोटातला. इंजिन बदलण्याची भाषा करावयाची असेल तर ती या तिसऱ्यावरच करता येते, आणि तीही दाब मोजल्यानंतर. हे एवढे ध्यानात ठेवलेत तरी माझे आजचे काम झाले.

आता आमच्याच गाडीची गोष्ट सांगते. गाडी लहानशी, तीन सिलिंडरची, सव्वा लाख किलोमीटर धावलेली. सासूबाईंना दर महिन्याला अकोल्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते, म्हणून तिच्यावाचून आमचे चालत नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मलकापूरहून येताना राजूरचा घाट चढू लागलो, आणि गाडी गचके देऊ लागली. सपाटीवर बरी, घाटात हैराण. समोरच्या फळीवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. वर येऊन एका गॅरेजात दाखविली. तेथे प्लग काढला तो तेलाने माखलेला. "इंजिन तेल खाते आहे, रिंगा गेल्या. जुने इंजिन आणून बसवू, ऐंशी हजार लागतील." घरात पैसे होते, पण ते शेतातल्या पाइपलाइनसाठी काढून ठेवलेले. ते इकडे घातले असते तर हरभऱ्याला पाणी नव्हते.

मी विचारले, "कॉम्प्रेशन मोजले का?" उत्तर आले, "त्यात काय मोजायचे, काकू? तेल दिसतेच आहे." तेव्हा मी गाडी हळूहळू घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीचाचांना बोलाविले. चाचा वयस्कर, बोलणे कमी.

पहिली गोष्ट, त्या पिवळ्या दिव्याची. अलीकडच्या गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांची एक जागा असते. तीत लहानसे यंत्र लावले की गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोष आकड्यांत वाचता येतो. मोबाइलवर आकडा दाखविणारी साधी यंत्रे हजार रुपयांच्या आत मिळतात. "पी ०३००" आले तर मिसिंग एकाच सिलिंडरला बांधलेले नाही. "पी ०३०१" म्हणजे पहिला सिलिंडर, "०३०२" म्हणजे दुसरा, याप्रमाणे. आमचा आकडा आला ०३०२. मात्र हा आकडा घर दाखवितो, चोर दाखवीत नाही. दुसऱ्या सिलिंडरची पाळी चुकते एवढे त्यावरून कळते. का चुकते ते आपण शोधावयाचे.

चाचांनी इंजिन थंड होऊ दिले. गरम इंजिनातून प्लग ओढला तर आटे जातात. मग प्लग ज्या खोल खळग्यात बसतो तो पाहिला. त्यात तेल साचलेले होते. ते आधी पुसून घेतले, नाही तर प्लग निघताच सगळे सिलिंडरात उतरते. प्लग काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाहा बाई, तेल कोठी हाये." तेल होते ते प्लगच्या वरच्या, चिनीमातीच्या अंगाला. ठिणगी पडते ते खालचे टोक पेट्रोलने ओले आणि काळसर होते, पण तेलकट नव्हते. सगळा निकाल या एका गोष्टीत होता. रिंगा झिजून तेल वर आले असते तर खालचे टोक तेलकट झाले असते. वरून तेल आले म्हणजे ते इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या रबरी गॅस्केटमधून झिरपले. ते रबर उन्हाने-उष्णतेने कडक होते आणि चिरते. तेलात भिजून ठिणगी देणाऱ्या कॉइलचे रबर फुगते आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता बाजूनेच पळते.

घाटातच का अडत होती तेही यावरून उलगडते. चढावर पाय दाबला की सिलिंडरात हवा अधिक भरते, दाब वाढतो, आणि वाढत्या दाबात ठिणगीला उडी मारावयास अधिक व्होल्टेज लागते. अशक्त कॉइल सपाटीवर निभावून नेते, राजूरच्या घाटात उघडी पडते. याउलट गाडी नुसती उभी असताना थरथरते आणि वेग वाढविताच सुधारते, असे असेल तर एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतून जास्तीची हवा आत शिरत असावी असा संशय घ्यावा.

तरी चाचांनी नुसत्या संशयावर नवी कॉइल मागविली नाही. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसविली, आकडा पुसला आणि गाडी चालवून आणावयास सांगितले. परत येऊन वाचतो तो ०३०३! दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. ही अदलाबदलीची परीक्षा मला फार आवडली, कारण तिला पैसा लागत नाही. कॉइल हलवून आकडा हलला नसता तर प्लगची अदलाबदल करावयाची, त्यानेही नाही तर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवावी. दोन एकदम हलविल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. आणि हे चालू इंजिनावर हात घालून करू नये. प्लगकडे जाणारे व्होल्टेज वीस हजारांच्या पुढे असते.

यानंतर दाब मोजला. तिन्ही प्लग काढून, पेट्रोल आणि कॉइल बंद करून, पाय पूर्ण दाबून, चांगल्या बॅटरीवर इंजिन फिरवावयाचे आणि प्लगच्या जागी घड्याळ लावावयाचे. आमचे आकडे आले १२, ११.५ आणि १२ किलो. नक्की किती हवा ते गाडीगणिक वेगळे असते, पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असले पाहिजेत. एखादा फारच खाली आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही खाली असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट फुटली असण्याचा संभव. चाचांनी घड्याळ पुसून पेटीत ठेवले आणि म्हणाले, "इंजिन ठणठणीत हाये. झाकणाचं रबर बदला."

झाकणाची गॅस्केट, एक कॉइल, तीन प्लग आणि मजुरी, सगळे मिळून चार हजार आठशे रुपये लागले. हरभऱ्याला पाणी मिळाले.

यावरून गॅरेजवाले सारे लबाड, असे कुणी घेऊ नये. तेल पाहून तो मुलगा चटकन निष्कर्षाला आला, एवढेच. शिवाय इंजिन खरोखर जातेही. निळा धूर येतो, तेल दर पंधरवड्याला कमी होते, आतून ठोके ऐकू येतात, रेडिएटरचे पाणी कुठे जाते ते कळत नाही आणि तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसतो, ही लक्षणे पोटातल्या आजाराची. तेव्हाही व्हॉल्व्ह घासणे, रिंगा घालणे, बोअर करणे असे मधले उपाय असतात. त्यांचा खर्च वेगळा लिहून मागावा. बदलायचेच ठरले तर आर. सी. पुस्तकावर इंजिनाचा क्रमांक असतो हे विसरू नये. आपल्या एम. एच. २८ च्या गाडीत दुसरे इंजिन बसवून ते आर. टी. ओ. कार्यालयात नोंदविले नाही, तर विकताना आणि विम्याच्या वेळी अडचण उभी राहते. जुन्या इंजिनाची पावती नसेल तर ते घेऊच नये. कुठल्या गाडीतून निघाले कोण जाणे!

लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करून दिवसचे दिवस गाडी चालवू नये, हे सांगायचे राहिले. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची आतली जाळी वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनमच्या जातीचे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो भाग महाग. शंभर रुपयांच्या रबरापायी हजारोंचे नुकसान होते ते असे. दिवा नुसता स्थिर जळत असेल तर दोन दिवसांत दाखवावी. लुकलुकला तर पाय हलका करावा आणि गाडी बाजूला घ्यावी.

आणखी दोन कारणे आपल्याकडची. एक म्हणजे उंदीर. सोयाबीन घरात आले की उंदीरही येतात आणि गाडीच्या झाकणाखाली ऊब शोधतात. तार कुरतडलेली असेल तर कॉइल, प्लग सगळे चांगले असूनही मिसिंग होते. झाकण उघडून नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी पुष्कळदा सापडते. दुसरे, महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते. २०२३ पासून वीस टक्क्यांचे मिश्रण मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून मुलगा पुण्याहून दिवाळीला येईपर्यंत झाकून ठेवलेली गाडी अडखळली तर आधी टाकीतल्या पेट्रोलचा विचार करावा. डिझेलच्या गाडीला मात्र ठिणगीच नसते. तिची तऱ्हा निराळी, ती आज घेत नाही.

मिस्त्रीकडे गेल्यावर मी तीन गोष्टी विचारते: आकडा कोणता आला, काय काय अदलाबदल करून पाहिले, आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब किती. उत्तर कागदावर मागते. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. चाचांनी तर तिन्ही आकडे स्वतःहून खडूने भिंतीवर लिहिले, ते अजून आमच्या अंगणात आहेत.

आकडा वाचण्याचे ते लहान यंत्र मी मंडळाच्या कपाटात, शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडच्या वहीत नाव, तारीख आणि गाडीत आलेला आकडा लिहून न्यावे व दोन दिवसांत परत आणावे. वापरताना अडचण आली तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.