जलशीर्ष बालके आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, मुंबईतील बिऱ्हाडे आणि देवस्थानचे हिशेब यांवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. आज आम्ही निराळाच विषय घेतला आहे. तो वैद्यकाचा आहे आणि आमचे शिक्षण तर शालान्त परीक्षेपुरतेच. सबब शस्त्रक्रिया कशी करावी हे आम्ही सांगणार नाही. ती होईपर्यंत आणि झाल्यानंतर घरच्या माणसांनी काय करावे, एवढेच सांगणार आहोत.

काही बालके जन्मतःच पाठीवर फोडासारखा फुगवटा घेऊन येतात. कण्याचे मणके मागील बाजूने मिटायचे राहिलेले असतात आणि त्या फटीतून मज्जारज्जू बाहेर डोकावतो. इंग्रजी वैद्यकात यास स्पायना बिफिडा म्हणतात. आपण दुभंगलेला कणा म्हणू. मेंदूच्या पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो व वाहून रक्तात मिसळत असतो. कणा दुभंगलेल्या पुष्कळ बालकांत मेंदूचा खालचा भाग मानेकडे ओढला जातो, त्या द्रवाची वाट अडते आणि डोके वाढू लागते. हेच जलशीर्ष. आपल्याकडे साध्या भाषेत ‘डोक्यात पाणी झाले’ म्हणतात. असे बालक मतिमंदच निपजणार, असा लोकांचा समज आहे. तो खरा नाही. पाण्यास वेळेवर वाट मिळाली तर यांतील कित्येक मुले शाळेत इतरांबरोबर शिकतात.

या वाटेसाठी उपयोगी पडणारी झडप कोणी बनविली, ती हकीकत आमच्यासारख्या शिक्षकाला फार आवडणारी आहे. १९५५ साली अमेरिकेत जॉन हॉल्टर नावाच्या कारागिराला मुलगा झाला. त्याचा कणा दुभंगलेला होता, डोक्यात पाणी भरत होते. हॉल्टर कुलुपे बनविणाऱ्या कारखान्यात काम करी. डॉक्टर सुईने पाणी काढतात, पण सुईच्या भोकातून ते परत बाहेर येत नाही, हे त्याने पाहिले. एकाच दिशेने उघडणारी झडप आपण बनवू शकू, असे त्याने ठरविले आणि काही आठवड्यांतच ती बनवून दाखविली. १९५६ साली डॉ. युजीन स्पिट्झ यांनी ती झडप बालकांच्या अंगी बसविण्यास आरंभ केला. हॉल्टरचा स्वतःचा मुलगा पुढे फार वर्षे जगला नाही. परंतु त्या झडपेमुळे जगलेल्या मुलांची गणती नाही. आजही डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी, जिला शंट म्हणतात, ती याच तत्त्वावर चालते.

परदेशी शंट महाग. गरिबाच्या मुलासाठी तो आणायचा कोठून? लखनौचे मेंदूशल्यविशारद डॉ. देवेंद्रकुमार छाब्रा यांनी स्वस्त देशी शंट तयार केला; तो उत्तर प्रदेशात शहाजहानपूर येथे बनतो. आफ्रिकेतील युगांडा देशात म्बाले गावच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ बालकांवर या शंटाची एका नामांकित परदेशी शंटाशी तुलना केली. एक वर्षाअखेर दोहोंच्या गुणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. एकाची किंमत ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५० डॉलर होती! स्वस्त ते हलकेच, असे समजणाऱ्या आपल्या मंडळींनी हे दोन आकडे घरी जाऊन पुन्हा ताडून पाहावेत.

तथापि नळी बसली म्हणजे उपचार संपला, असे नाही. ती तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो, मूल उंच झाले की आखूड पडते. सर्व सोयी असलेल्या देशांतही पहिल्या दोन वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के नळ्या बिघडतात, असा अनुभव आहे. तेथे मोटार तासाभरात रुग्णालयाच्या दारी पोचते. युगांडातील आईला मात्र दोन दिवस चालावे लागेल, मधे नदीला पूर असेल. मग नळी बिघडणे म्हणजे मरणच. म्हणून डॉ. वॉर्फ यांनी नळीविना उपाय योजिला: दुर्बिणीने मेंदूच्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून द्रवास नवी वाट द्यावयाची आणि द्रव पाझरविणारा भाग काही अंशी जाळून टाकावयाचा. कणा दुभंगलेल्या ९३ बालकांत ७६ टक्क्यांना या उपायाने गुण आला, असे त्यांनी २००८ साली मांडले. प्रत्येक बालकास तो लागू पडतोच असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे.

युगांडाची ही कथा आम्ही मालवणात का सांगतो? शत्रू रोगाइतकेच अंतर आहे, म्हणून. आपल्या किनाऱ्यावरच्या वाडीतून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज शंभर किलोमीटरांवर, आणि मुंबईत परळचे १९२९ सालचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय पाचशेच्या घरात. श्रावणातल्या रात्री दांडीपलीकडच्या आईला हे अंतर किती होते, ते येथे बसलेल्यांपैकी कित्येकांना ठाऊक आहे. त्यात आपण स्वतः आणखी अंतर घालतो. ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून मुलाची पाठ फाटली, असे सांगून सुनेला दोष देणे. कौल मिळेपर्यंत थांबणे. बारसे झाल्यावर बघू म्हणणे. देवाला गाऱ्हाणे घालू नये, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य घालावे, पण दारात गाडी उभी करून! पाठीवरचा फुगवटा उघडा असेल तर शक्यतो पहिल्या दोनतीन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. तोवर त्यावर हळद, भस्म, तेल काही लावू नये, दाबू नये. रुग्णालयातील नर्सबाईंनी निर्जंतुक सलाईनमध्ये भिजविलेल्या पट्टीने झाकून, बालकाला पाठीवर न निजविता न्यावे.

आमच्या नोकरीच्या काळात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याच्या कानामागून नळी गेलेली बोटाला लागे. नाव घालताना त्याच्या आईने आम्हांस निक्षून सांगितले, “गुरुजी, हेचा डोक्या दुखाक लागला, उलटी झाली आणि हो पेंगाक लागलो, तर घराकडे धाडू नकात, आमका कळवा नि गाडी बघा.” चौथीत असताना जुलैतल्या एका दुपारी तिन्ही गोष्टी एकदम घडल्या. गाडी पाहिली. त्याच रात्री नळी बदलली गेली. तो मुलगा पुढे पदवीधर झाला. त्या माउलीचे शिक्षण सातवीपर्यंत होते, पण वर्गातल्या फळ्यावर आम्ही लिहिलेल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा तिचे ते वाक्य अधिक उपयोगी पडले, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

डोके वाढते आहे हे ओळखण्यास यंत्र लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, पुढे वेग कमी होतो. घेर याहून झपाट्याने वाढला, टाळू फुगली, बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली झुकली, की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पायांतील अशक्तता आणि लघवीचा त्रास हे या मुलांचे आणखी दोन जन्मभराचे प्रश्न आहेत. विशेषतः लघवीकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडे जातात. मुंबईत डॉ. संतोष करमरकर यांचे स्पायना बिफिडा फाउंडेशन या मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी काम करते.

खर्चाची भीती पुष्कळांना असते. परंतु २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस व्याधींच्या यादीत हाच दोष अग्रस्थानी आहे आणि उपचार मोफत करण्याची तरतूद त्यात आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताई यांच्याकडे चौकशी करावी.

आता प्रतिबंधाविषयी. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांचा पंडुरोग त्या अभ्यासीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४५ साली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या पथकाचे नेते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि १९९१ साली विलायतेतील संशोधनाने दाखविले की, ज्या मातांना आधी असे मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून हे औषध घेतल्यास पुढच्या मुलातील दोष ७२ टक्क्यांनी टळतो. ज्या औषधाचा माग परळ-लालबागच्या गिरणगावात लागला, ते आपल्या गिरणगावकरांच्या नातसुनांना वेळेवर मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

वेळेवर म्हणजे केव्हा? गर्भाचा कणा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच मिटतो. तेव्हा बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून मिळालेली गोळी आईच्या रक्तासाठी चांगली, पण कण्यासाठी उशिराची. चवळी, मूग, पालक खावेत. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे. आधी असे मूल झाले असेल तर मात्रा दसपट असते, ती डॉक्टरांनीच ठरवावी.

कार्यकारी मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. मंडळ नवदांपत्यास आहेर म्हणून स्टीलचा तांब्या देते. त्यात तीन महिन्यांच्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि एक मापाची फीत घालावी. तांब्याहून त्यांना खर्च फारच कमी येईल. आणि शिष्यवृत्ती निधीतून काही रक्कम बाजूस काढून, असे बालक जन्मल्याचे कळताच त्याच दिवशी गाडीभाडे देता यावे, अशी व्यवस्था करावी. अर्ज, शिफारस, सभेची मंजुरी हे सोपस्कार मागाहून होतील. कोषाध्यक्षांनी त्यासाठी किल्ली कोणाकडे ठेवावी, एवढेच आजच्या सभेत ठरवावे, अशी विनंती आहे.