शेजारच्या प्लॉटवर ऑफिस येतंय?

कॉलनीतला जुना बंगला पाडून तिथे दोन मजली ऑफिस होणार, अशी कुणकुण लागली की सोसायटीत पहिला प्रश्न निघतो पार्किंगचा. तो खराच आहे. पण त्याहून मोठा प्रश्न जमिनीच्या वापराचा.

आधी महापालिकेतून झोन दाखला घ्या. रस्त्याच्या रुंदीनुसार काही दुकानं, कचेऱ्या निवासी विभागातही चालतात. तसं असेल, तर भांडण झोनचं नाही, बांधकामाच्या नियमांचं आहे. पण विभागच बदलायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ३७ लागू होऊ शकतं. त्यात राजपत्रात सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत असते एक महिन्याची. बाधितांची सुनावणी होते आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला जातो.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. विभाग बदलतो तो जमिनीचा, मालकाचा नव्हे. आजचा मालक शांत सल्लागार असेल. उद्या प्लॉट विकला गेला, तर तिथे नियमात बसणारं काहीही येईल.

‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेल्या शंभर सह्यांच्या कागदाला, माझ्या मते, फारसं वजन नसतं. रस्ता किती फुटांचा, गाड्या कुठे लागणार, सांडपाण्याची वाहिनी कधी तुंबते, हे फोटोंसह लिहा. अर्ज मुदतीत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.