उजेडात बघूया



माझी आई शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक. त्यामुळे चौथी-पाचवीत असल्यापासून एक काम माझ्याकडे ठरलेलं होतं. साडीच्या काठाची बोटभर चिंधी मुठीत धरायची, कोल्हापुरातल्या महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळातल्या मॅचिंगच्या दुकानात जायचं आणि तिला जुळणारा फॉल, अस्तर किंवा दोऱ्याचं रीळ घेऊन यायचं.

त्या दुकानातले काका चिंधी हातात घेत, एकदाच बघत आणि मागच्या भिंतीकडे वळत. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फॉलचे गठ्ठे. त्यातले तीन ते भराभर ओढून काढत, चिंधीला लावून पाहत, दोन परत ठेवत. मला वाटे, झालं. पण काका तिसरा फॉल घेऊन गल्ल्यामागून बाहेर येत, चपला घालत आणि पायरी उतरून रस्त्यावर उभे राहत. म्हणत, "उजेडात बघूया." आत ट्यूबलाइट लख्ख असायची. तरी उजेड म्हणजे बाहेरचाच. आणि कितीदा तरी, आत अगदी एकजीव दिसणारा तो फॉल बाहेर आल्यावर वेगळाच निघे. काका म्हणत, "नाही, हा पिवळ्यावर मारतोय." पुन्हा आत, पुन्हा भिंत, पुन्हा पायरी. मला घरी जाऊन खेळायचं असे. थोडक्या पैशांचा फॉल, तोही साडीच्या आतल्या बाजूला लागणारा. कोण बघणार आहे, असं मी एकदा म्हणूनही दाखवलं. काका म्हणाले, "नेसणारी बघती की."

आज मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी रंगशास्त्राच्या तासाला आम्हाला मेटॅमेरिझम शिकवलं. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली, तर एका उजेडात ती सारखी दिसू शकतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी. कारण सूर्याच्या उजेडात जे रंग असतात, ते सगळे ट्यूबच्या उजेडात त्याच प्रमाणात नसतात. जो रंग दिव्यातच कमी, तो कापडावरून आपल्या डोळ्यांकडे परतणार कुठून? मी वहीत व्याख्या लिहून घेतली, पण डोळ्यांपुढे होती ती दुकानाची पायरी. काकांनी हा शब्द ऐकलेला नसेल. त्यांनी ती गोष्ट मात्र माझ्यादेखत शंभर वेळा सिद्ध केली होती.

आजच्या भाषणासाठी मला विषय दिला आहे तो रोजच्या जगण्यातून मिळणाऱ्या कलेच्या प्रेरणेचा. प्रेरणा म्हटलं की डोंगरामागचा सूर्योदय, पहिला पाऊस, एखादा सुंदर चेहरा, अशी यादी समोर येते. मला त्या गोष्टी आवडतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांनी मला चित्र काढायला फारसं शिकवलेलं नाही. मला शिकवलं ते ज्यांचं पोट नीट बघण्यावर चालतं अशा माणसांनी. त्यांची नजर चुकली तर माल परत येतो, जनावर दगावतं, भाव पडतो. माझी चुकली तर फक्त चित्र बिघडतं. म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते.

पहिल्या वर्षी आम्ही निसर्गचित्रणासाठी नदीकाठी गेलो होतो. मी जलरंगात म्हशी काढल्या. म्हैस काळी, म्हणून ट्यूबमधला काळा घेतला आणि लावला. सरांनी कागद लांब धरला आणि शांतपणे म्हणाले, "इथं कागदाला भोक पडलंय." मग म्हणाले, "म्हशीजवळ जाऊन बस."

मे महिन्यात मामाच्या गावी गेले, ते गाव भोगावती नदीच्या काठी आहे. मामा सकाळी म्हशी पाण्यात घालतो आणि पाठी घासतो. तीन दिवस मी काठावरच्या दगडावर बसून राहिले. पहिल्या दिवशी काही काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी कळायला लागलं की समोरच्या म्हशीत काळा रंग फार थोडा आहे. खांद्यावरचे केस उन्हात तांबूस होते. पोटाखाली पाण्याचा पिवळट हिरवा उजेड हलत होता. कानाच्या आत गुलाबी, शिंगांवर राख. आणि ओली पाठ? तिच्यावर सगळं आभाळ उतरलेलं. त्या देखाव्यातली सर्वांत उजळ जागा कोणती, तर काळ्या म्हशीची पाठ. जलरंगात पांढरं लावत नाहीत, कागदाचाच पांढरा राखून ठेवतात. तेव्हा तिसऱ्या दिवशी मी म्हैस रंगवली ती बरीचशी न रंगवून.

मामानं चित्र बघितलं. "म्हशीला पांढरी केलीस व्हय?" मग चार पावलं मागं सरकला, डोळे बारीक केले. "न्हाई, वली हाय ती."

माझ्या चित्राला आजवर मिळालेली ती सर्वांत मोठी दाद आहे असं मी मानते, कारण ती चमक मामा रोज बघतो. त्यानंच मला सांगितलं, अंगावर चमक असली म्हणजे जनावर धडधाकट. कातडं निस्तेज दिसायला लागलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मी ज्याला उजेडाची जागा म्हणते, ती त्याच्या लेखी म्हशीची तब्येत आहे. एकाच ठिकाणी आम्ही दोघं बघत होतो. तो माझ्या आधी तीस वर्षं बघत होता.

मामाच्या गावाहून जरा पुढं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात मी तिथं चार रात्री गेले. उसाचा रस काहिलीत पडतो तेव्हा हिरवट राखाडी, गढूळ असतो. चुलवाणात चिपाडं सारली जातात, रस तापतो, त्यात भेंडीचा चीक घालतात, तशी सगळी घाण मळी होऊन वर येते. ती काढत राहायची. खाली उरतो तो रस हळूहळू पिवळा, मग केशरी, मग मधासारखा होत जातो. काकवीची वेळ येते आणि सरते. पुढं अशी एक घटका येते की काहील उतरवायलाच हवी. मिनिटभर उशीर झाला तर गूळ काळपट पडतो आणि बाजारात रव्याला, म्हणजे ढेपेला, भाव मिळत नाही. आधी उतरवली तर गूळ धरत नाही. हे सगळं ठरवतो गुळव्या. थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघतो, पण ते खात्रीपुरतं. त्याचं आधीच ठरलेलं असतं.

मी त्याला विचारलं, रंगावरून कळतं का? तो म्हणाला, "रंग दिव्यात फसवतोय. आवाज ऐक." मी ऐकला. रस पातळ असताना खळखळ करतो. घट्ट व्हायला लागला की फदफद. बुडबुडा जड होतो, सावकाश फुटतो. चार रात्रींत मला तो फरक एकदाच वेळेवर ओळखता आला. चित्र म्हणाल तर वाफेनं कागद इतका सर्द व्हायचा की रंगाचा एक हात वाळेना. शेवटी मी काढणं सोडून दिलं आणि नुसतं टिपून ठेवलं : कोणत्या वेळी कोणता रंग, कोणता आवाज.

गुळाचा एक खडा मात्र घरी आणला आणि रंगांच्या पेटीत बर्न्ट सिएनाच्या ट्यूबशेजारी ठेवला. सिएना हे इटलीतलं गाव. तिथली पिवळी माती भाजली की तांबूस होते, म्हणून बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन म्हणजे समुद्रापलीकडचा. ज्या दगडापासून तो निळा करत तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून युरोपात जाई. म्हणजे ही नावं उगाच पडलेली नाहीत. कुणीतरी ती माती हातात घेतली होती, कुणीतरी त्या दगडाची वाट पाहिली होती. ही नावं मला मनापासून आवडतात. पण मी त्या मातीवर चाललेले नाही.

आईकडे येणाऱ्या बायका रंग सांगतात ते असे : आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी, अबोली, डाळिंबी, पारवा, श्रीखंडी, विटकरी. "आमसुली आणा, पण जरा जुनं आमसूल," असं एक काकू म्हणाल्या होत्या आणि आईला ते बरोबर कळलं. जांभळ्यात तपकिरी किती, हे बरणीतलं आमसूल पाहिलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पारवा म्हटलं की राखाडीत निळा आला, आणि मानेजवळची ती हिरवी-जांभळी झाकही आली. हे एका शब्दात येतं. मी एक वही केली आहे. डाव्या पानावर आईचा शब्द आणि कापडाचा तुकडा, उजव्या पानावर तो रंग मिसळायची माझी धडपड. आतापर्यंत एकेचाळीस पानं झाली. अबोली सहा वेळा चुकला, कारण मी त्यात गुलाबी शोधत होते आणि तो केशरीच्या पोटातला निघाला.

कोल्हापुरात राहून रंगांविषयी बोलायचं आणि आबालाल रहिमानांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९३१ साली ते गेले. इतक्या तयारीच्या माणसाला विषयांना काय तोटा होता? तरी ते पुन्हा पुन्हा कोटितीर्थाकडे वळले. एक तळं, काठची झाडं, पाणी. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत. मी शाळेत असताना मला याचं नवल वाटायचं की एकच जागा इतक्यांदा कशाला काढायची. आता वाटतं, तेही पायरी उतरून उजेडात बघायला जात होते. तळं तेच, उजेड रोज नवा. आज कोटितीर्थाभोवती वस्ती दाटली आहे. मी अधूनमधून पहाटे तिथं जाते, काही काढत नाही, पाण्याचा रंग वहीत लिहिते आणि कॉलेजला जाते.

आणि दुसरे बाबूराव पेंटर. त्यांची नजर घडली ती कारागिराच्या घरात आणि नाटकाच्या पडद्यांवर. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. जरा विचार करा, पडदा रंगवायचा दिवसा आणि तो दिसायचा रात्री, दिव्यांत. दुकानातल्या काकांच्या नेमकं उलटं काम. पुढं बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला, १९२५ साली. तिथं रंगच नव्हता, होता तो फक्त उजेड आणि अंधार.

सध्या मी जे चित्र करते आहे ते त्या मॅचिंगच्या दुकानाचं आहे. तैलरंगात, तीन फूट बाय चार फूट. काका उंबऱ्यात उभे आहेत. त्यांच्या हातातली जांभळी साडी अर्धी आत, अर्धी बाहेर. आतल्या भागावर ट्यूबलाइट, बाहेरच्या भागावर दुपार. साडी एकच आहे, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि दोन्ही जांभळे मात्र वेगळे हवेत. ते कसेबसे जमलेत. जमत नाही ती मधली पट्टी, जेमतेम इंचभर, जिथं दोन्ही उजेड एकमेकांत शिरतात. चार वेळा खरवडून काढली. पॅलेटवर बरोबर वाटणारा रंग कॅनव्हासवर गेला की मळकट होतो.

गेल्या सोमवारी मी तो कॅनव्हास ओढणीत गुंडाळून रिक्षानं दुकानात नेला. काकांनी गल्ल्यावरचे गठ्ठे बाजूला केले, चित्र भिंतीला टेकवलं, चष्मा पुसला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. सरळ साडीवर बोट नेलं, रंगाला न लावता, त्या पट्टीपाशी थांबवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चपला घातल्या, पायरीवर जाऊन वर बघितलं आणि परत आले.

"आज नको," ते म्हणाले. "आभाळ भरलंय, सगळंच निळ्यावर मारंल. ऊन पडलं की घेऊन ये."

आज आठवडा झाला, पाऊस थांबलेला नाही. चित्र आईच्या मशीनमागं भिंतीला टेकवून ठेवलं आहे.