इम्प्लांट जुनं झालं, आता काय करायचं?




स्तनाच्या कर्करोगानंतर,
किंवा स्वतःच्या इच्छेनं,
तुम्ही सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलं असेल.
त्याला आता बरीच वर्षं झाली.
ते ठेवायचं, बदलायचं, की काढायचं?

एक गोष्ट लक्षात ठेवा.
इम्प्लांट जन्मभराचं नसतं.
पण जुनं झालं म्हणून काढायलाच हवं, असंही नाही.

त्रास नाही, तपासणी ठीक आहे,
तर ते ठेवता येतं.
मात्र सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फुटलं, तर बऱ्याचदा बाहेरून कळत नाही.
म्हणून ऑपरेशननंतर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा.
पुढे दर दोन-तीन वर्षांनी.

स्तन कडक झाला,
आकार बदलला,
सूज आली, गाठ लागली,
तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली.
एका दुर्मीळ कर्करोगाशी त्यांचा संबंध आढळला होता.
तरीही, त्रास नसलेल्यांनी ती काढावीत, असा सल्ला नव्हता.

आज घरी एक काम करा.
ऑपरेशनची फाईल काढा.
त्यात इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर शोधा.
त्यावर कंपनीचं नाव आणि नंबर असतो.
ते घेऊन तुमच्या सर्जनकडे जा.
दोन प्रश्न नक्की विचारा.
काढल्यावर स्तन कसा दिसेल?
नवं बसवलं, तर पुढे पुन्हा ऑपरेशन लागेल का?

मैत्रिणींनो, पुन्हा सांगते.
वर्षं मोजून घाबरू नका.
तपासणी मात्र चुकवू नका.
शरीर तुमचं आहे, निर्णयही तुमचाच.