गोळ्यांची पट्टी सोबत न्या

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला, तेव्हा ताप्ती लाईनच्या गाड्या भरभरून खानदेशाकडे निघाल्या. अनेकांच्या खिशात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या होत्या. त्यात वावगं काही नव्हतं, प्लेगच्या जंतूवर ती गोळी चालते. साथ गेली, खिशातली गोळी मात्र राहिली. ताप आला की सुरतच्या लिंबायत-उधन्यातला आपला माणूस मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या घेतो आणि रातपाळीला जातो.

तो ताप मेंदूज्वराचा असला तर?

मेंदूतल्या केशवाहिन्यांची वीण फार घट्ट असते. रक्तातली बरीचशी औषधं तिथेच अडतात. सूज आली की वीण थोडी सैल होते आणि मेरोपेनेमसारखं औषध आत पोचतं. पण डोक्याच्या ऑपरेशननंतर, मेंदूतलं पाणी काढायला नळी बसवलेल्या रुग्णाला गाठणारा असिनेटोबॅक्टर हा जंतू अनेकदा मेरोपेनेमलाही दाद देत नाही. (इथे दोष रुग्णाचा नव्हे, हात न धुता ड्रेसिंगला येणाऱ्या आम्हा दवाखान्यातल्या मंडळींचा आहे.) मग उरतं कोलिस्टिन. मूत्रपिंडाला जाचतं म्हणून सत्तरच्या दशकात मागे पडलेलं हे जुनं औषध, दुसरं काही चालेना म्हणून परत आलं. शिरेतून दिवसाला नव्वद लाख युनिट दिलं तरी मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही. म्हणून जंतू बसलेली नळी काढून टाकतात आणि नव्या नळीतून ते थेट मेंदूच्या पोकळीत सोडतात. तिथे दिवसाला जेमतेम सव्वा लाख युनिट पुरतं! ते वाहून जाऊ नये म्हणून नळी काही वेळ बंद ठेवायची. असं बहुधा तीन आठवडे.

जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे मणक्यातलं पाणी सांगतं. आधी अर्धवट गोळ्या पोटात गेल्या असतील, तर त्या पाण्यातून पुष्कळदा जंतू वाढतच नाही. रिपोर्ट कोरा, आजार तसाच, आणि डॉक्टरांनी अंदाजाने औषध द्यायचं.

हे पाणी कमरेत सुई घालून काढतात. पण ‘कमरेत सुई टोचली की पाय जातात’, असं सांगून नातेवाईक तपासणी नाकारतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली घालतात.

तेव्हा ताप, उलट्या, आखडलेली मान, बरळणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. सिव्हिल हॉस्पिटलला न्या, स्मीमेरला न्या. आणि मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांची पट्टी, रिकामी असली तरी, डॉक्टरांना दाखवा. लपवू नका.