मांडीची स्प्रिंग आणि रोजच्या साठ गोळ्या



बक्षिसं अजून वाटायची आहेत, त्यामुळे पाहुण्याचं भाषण तुम्हाला कितपत हवं आहे हे मी ओळखून आहे. तरी आज ज्यांनी या मंचावर टाळ्या आणि शिट्ट्या वसूल केल्या, त्यांच्या कामाचा एक विषय आहे. रंगमंचावर कमावलेली पुण्याई दुसऱ्या कुठल्या दुकानात चालावी आणि कुठल्या दुकानात चालू नये? यासाठी अमेरिकेतल्या सुझान सॉमर्स या अभिनेत्रीचं उदाहरण घेऊ. 1977 साली सुरू झालेल्या ‘थ्रीज कंपनी’ या विनोदी मालिकेतली तिची भोळसट क्रिसी घराघरांत पोचली होती. 1980 मध्ये तिनं मालिकेतल्या नायकाइतका मोबदला मागितला. तिला एका भागाचे तीस हजार डॉलर मिळत होते, नायकाला त्याच्या कितीतरी पट. मागणी फेटाळली गेली आणि पुढे तिला मालिकेतूनच काढलं. समान कामाला समान दाम मागणं त्या काळी एवढं महाग पडलं. तिनं मग स्वतःचा धंदा उभा केला, याचं मला कौतुकच आहे.

हा धंदा दोन प्रकारचा होता, आणि माझा सगळा मुद्दा त्या दोहोंतल्या फरकात आहे. नव्वदच्या दशकात तिनं टीव्हीवरून ‘थायमास्टर’ विकलं. फोम गुंडाळलेल्या दोन कड्या, मधे स्प्रिंग; गुडघ्यांच्या मधे धरायचं आणि दाबायचं, झालं यंत्र! त्याचे लाखो नग खपले. ठरावीक जागचा व्यायाम केला म्हणून नेमकी तिथलीच चरबी उतरते, असं शरीरशास्त्र सांगत नाही. स्नायू तेवढा बळकट होतो. पण समजा, महिनाभर दाबूनही मांडी जागची हलली नाही, तर ते शिंप्याच्या टेपनं मोजता येतं. यंत्र पलंगाखाली सरकवायचं, पैसे बुडाले म्हणायचं आणि शेजारणीला सावध करायचं. गिऱ्हाइकाला मालाचा गुण स्वतः पारखता येत असेल, तर ओळखीच्या चेहऱ्यानं तो विकण्यात मला काही वावगं दिसत नाही.

दुसरा धंदा पुस्तकांचा आणि सल्ल्याचा. 2006 च्या ‘एजलेस’ या पुस्तकातून तिनं पाळी गेलेल्या बायकांसाठी ‘बायोआयडेंटिकल’, म्हणजे शरीरातल्या हार्मोन्ससारखीच रचना असलेल्या, हार्मोन्सचा जोरदार पुरस्कार केला. 2009 मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात तिची दिनचर्याच लोकांनी पाहिली : दंडावर चोळायचं हार्मोनचं मलम आणि दिवसाला साठेक गोळ्या. इथे शिंप्याची टेप काय मोजणार? हार्मोनचा अपाय झालाच तर तो वर्षांनी दिसतो आणि तोवर वय, आहार, आनुवंशिकता अशी दहा कारणं त्यात मिसळलेली असतात. 2002 साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात हार्मोनच्या एका जोडगोळीमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं आढळलं. ते कळायला सोळा हजारांहून अधिक स्त्रिया आणि काही वर्षं लागली. एकटं गिऱ्हाईक हे घरी बसून कसं तपासणार? मग पुराव्याच्या रिकाम्या खुर्चीत ओळखीचा चेहरा जाऊन बसतो.

यावर कोणी म्हणेल की डॉक्टर तरी बायकांचं कुठे ऐकत होते? आक्षेप खरा आहे. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, या तक्रारी ‘वयाचं आहे’ म्हणून उडवून लावणारे डॉक्टर तिकडेही होते आणि इकडेही आहेत. शिवाय 2002 नंतर हार्मोन्सची जी सरसकट धास्ती बसली, तीही पुढे सैल झाली. अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय त्रेसष्टच्या आसपास होतं. पाळी गेल्यावर लवकर उपचार घेणाऱ्यांचं गणित निराळं निघालं. म्हणजे सॉमर्सचं काही अंशी बरोबर होतं का? असेल. पण ही दुरुस्तीसुद्धा तिच्या तुकतुकीत कातडीवरून झाली नाही, त्याच आकडेवारीची पुन्हा चिकित्सा केल्यामुळे झाली. आणि औषधदुकानात घोटून दिलेली या हार्मोन्सची तिची आवडती मिश्रणं अधिक सुरक्षित आहेत, याचा भक्कम पुरावा काही पुढे आला नाही.

याहून अवघड आक्षेप तिच्या स्वतःच्या आजाराचा. 2001 मध्ये तिनं स्तनाचा कर्करोग जाहीर केला, केमोथेरपी नाकारली, मिसलटो या वनस्पतीच्या अर्काची इंजेक्शनं घेतली, आणि पुढे वीसहून अधिक वर्षं जगली. यापेक्षा मोठा पुरावा कोणता, असं तिचे चाहते विचारत. पण तिनं शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि किरणोपचारही घेतले होते. या तिन्हींतलं कामाला काय आलं, हे एका देहावरून सांगता येत नाही. ‘मला गुण आला’ हे वाक्य प्रामाणिक असू शकतं. अडचण अशी की ज्यांना गुण आला नाही त्या मुलाखत द्यायला उरत नाहीत.

ओळखीच्या चेहऱ्यांनी चालवलेल्या अशा विक्रीवर आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं थोडा लगाम घातला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत, शिवाय जाहिराती करायला बंदी. आधी दाव्याची नीट खातरजमा केली असेल तर मात्र दंडातून सूट. आणि हे नट्यांपुरतं नाही. आज इथे नाचलेल्या एखाद्या मुलीचे उद्या इन्स्टाग्रामवर लाखभर चाहते होतील, आणि कोणीतरी तिच्या हातात वजन घटवणाऱ्या पावडरीचा डबा देईल. पोरी, तो डबा आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं वाच. कंपनीकडे चाचण्यांचे कागद माग, आणि ते कळणाऱ्या माणसाला दाखव. कागद आलेच नाहीत, तर आगाऊ घेतलेले पैसे परत कर.